दाढदुखी

२०२२ चा नोव्हेंबर. आईची डावीकडची खालची दाढ दोन दिवस ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलेली होती. गुरुवारी मी ऑफिसातून परस्पर नौपाड्याला तिच्याकडे गेले, तेव्हा ती दाढेखाली लवंग धरून टीव्हीसमोर बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पित्त झालंय गं. सकाळचे पोहे नडले बहुतेक." कपाळावर घाम होता. नोव्हेंबर असला तरी ठाण्यात उकडतच होतं, म्हणून मी पंखा वाढवला. कोकम सरबत करून दिलं. अर्धा पेला पोटात गेला आणि तिला उलटी झाली. आम्हा दोघींनाही हायसं वाटलं. पित्त पडलं, आता उतार पडेल, असं मी म्हटलं. तिनेही मान डोलावली.

त्यानंतर जवळजवळ चार तास आम्ही काहीही केलं नाही.

अकराच्या सुमाराला मी ॲसिडिटीची गोळी मागायला शेजारच्या काकूंकडे गेले. काकांची बायपास झालेली, त्यामुळे घरात औषधांचा डबाच असतो. काकू गोळी द्यायच्याऐवजी माझ्याबरोबर आल्या. आईचा हात हातात घेतला. गार होता, ओला होता. "पित्त असं नसतं," त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता निघा." आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. तीन जिने आई स्वतःच्या पायांनी उतरली आणि मी तिला उतरू दिलं. १०८ ला फोन करावा हे सुचलंच नाही. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली, तिच्यात बसून निघालो.

ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, "ॲटॅक आहे. किती वाजता सुरू झालं?"

मला उत्तर देता येईना. दाढ मंगळवारपासून. घाम सातला. उलटी साडेसातला. यातलं सुरू कशाला म्हणायचं? डॉक्टरांना तासांत नव्हे, मिनिटांत उत्तर हवं होतं. रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो, आणि रुग्ण दारात आल्यापासून दीड तासाच्या आत ती वाहिनी उघडायची, अशी त्यांची धडपड असते. दारात येण्याआधीचे चार तास मात्र आमच्या हातात होते, आणि ते आम्ही कोकम सरबतावर घालवले.

मी विज्ञान शिकलेली आहे. बारावीला हृदयाची आकृती काढून, रंगवून, नावं दिलेली आहेत. तरीही माझ्या डोक्यात हार्ट ॲटॅकचं एकच चित्र होतं, आणि ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. घरातला मोठा माणूस वाईट बातमी ऐकतो, हात छातीच्या डाव्या बाजूला जातो, चहाचा ट्रे खाली पडतो, विजेचा आवाज होतो, सगळे धावतात. हे दृश्य मी वयाच्या दहाव्या वर्षापासून पाहत आले आहे. प्रत्यक्षातला झटका त्या रात्रीपर्यंत एकदाही पाहिला नव्हता. मग आई छातीला हात न लावता, ट्रे न पाडता, लवंग चघळत समोर बसली होती, तर मी ते ओळखणार कशाने?

पुढे डॉक्टरांनी समजावलं. हृदयाकडून येणाऱ्या आणि जबडा, खांदा, हात यांच्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंचे निरोप मज्जारज्जूत जवळजवळ एकाच जागी पोहोचतात. मेंदूला कळ कळते, पण ती नेमकी कुठून आली हे उलगडत नाही. त्यामुळे हृदय दुखतं आणि दाढ दुखल्यासारखी वाटते. छातीत दुखणं हेच बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे, पण मळमळ, दम लागणं, घाम, पाठीत किंवा जबड्यात कळ ही लक्षणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतात. आईला अठरा वर्षांचा मधुमेह. त्यात मज्जातंतू बोथट होतात आणि छातीतली कळ कधीकधी जाणवतही नाही. हे सगळं सांगायला डॉक्टरांना चार मिनिटं लागली. एवढी वर्षं रोज संध्याकाळी दोन-दोन तास टीव्ही पाहणाऱ्या आमच्या घरात ही चार मिनिटं कधीच आली नव्हती.

अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट. मग आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्या. चिपळूणहून मामांचा फोन, पुण्याहून दादाचा, डोंबिवलीहून मावशीचा, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "शुद्धीवर आली का?" ती बेशुद्ध झालीच नव्हती. मला आत सोडलं तेव्हा तिने दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, हे विचारलं होतं. पण मोठं आजारपण म्हणजे डोळे मिटलेले, आणि बरं होणं म्हणजे ते उघडणं, हे आपल्या सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं बसलंय की मधल्या अवस्थेसाठी आपल्याकडे शब्दच नाही. डॉक्टर "स्टेबल आहेत" म्हणाले, मी ते "बऱ्या आहेत" असं ऐकलं आणि तसंच सगळ्यांना कळवलं. स्टेबल म्हणजे आत्ता बिघडत नाहीये, एवढंच. कोमाचंही तसंच आहे. २००६ मध्ये न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात कोमातली पात्रं असलेल्या ३० चित्रपटांचा अभ्यास आला होता. त्यातल्या फक्त दोन चित्रपटांत कोमा वास्तवाच्या जवळ जाणारा होता. बाकी बहुतेक ठिकाणी दाढी केलेला, शांत झोपलेला माणूस, जो एक दिवस डोळे उघडतो आणि लगेच नावाने हाक मारतो.

त्या खुर्च्यांवर माझ्या शेजारी मुलुंडहून आलेला एक मुलगा होता. मुलगा म्हणजे चाळिशीचा. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे, किडन्या गेलेल्या, हृदय थकलेलं. आदल्या रात्री त्यांचं हृदय बंद पडलं होतं आणि छाती दाबून, नळी घालून ते पुन्हा सुरू केलं होतं. सकाळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन फार हळू आवाजात विचारलं की पुन्हा असं झालं तर सीपीआर करायचा का. तो हादरला. मला म्हणाला, "ताई, हे लोक हात वर करतायत. काल शॉक दिला नाही. मी पाहत होतो, एकदाही दिला नाही." मॉनिटरवर सरळ रेषा आली की दोन पॅड छातीला लावायचे, शरीर उसळतं, रेषा पुन्हा नाचू लागते, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. ज्येष्ठ सिस्टरांनी त्याच्याजवळ बसून सांगितलं की सरळ रेषेला शॉक देऊन काही होत नाही. हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा ती थरथर थांबवायला शॉक असतो. जिथे थरथरच नाही तिथे छाती दाबणं आणि औषध एवढंच करता येतं, आणि त्या वयात ते करताना बरगड्या मोडतात. त्याच्या वडिलांच्या मोडल्या होत्या.

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी नेमकं हेच मोजलंय. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. टीव्हीवरच्या तीन कार्यक्रमांचे ९७ भाग त्यांनी पाहिले. त्यांत ६० वेळा सीपीआर दाखवला होता. त्यातली ७५ टक्के माणसं त्या क्षणी वाचली, आणि ६७ टक्के घरी जातील अशा अवस्थेत दिसली. खऱ्या, सगळ्या सोयी असलेल्या रुग्णालयातसुद्धा हृदय बंद पडलेल्या चार-पाच जणांतला एखादा घरी जातो, आणि वय, आजार वाढले की तेवढेही नाहीत. मुलुंडच्या त्या मुलाला कोणी ही आकडेवारी दिली असती तरी त्या क्षणी ती त्याच्या कामाची नव्हती. वडिलांना सोडून द्यायचं, की वाचवणं शक्य असताना नाही म्हणायचं, अशी त्याने स्वतःपुढे निवड मांडली होती. त्यातली दुसरी गोष्ट मुळात नव्हतीच. तिथे वाचवणं शक्य नव्हतं. पण पडद्याने त्याच्या मनात ते शक्य करून ठेवलं होतं, आणि आता आयुष्यभर त्याला वाटत राहणार की आपण नको म्हटलं म्हणून बाबा गेले. मला याचा राग येतो. माणसं चुकीचं समजतात इथपर्यंत ठीक, पण दुःखाच्या वेळी त्यांच्या वाट्याला न केलेला गुन्हा येतो.

आई नवव्या दिवशी घरी आली. आणि एक वेगळंच सुरू झालं.

भेटायला येणारं माणूस दारातून आत येताच म्हणे, "अरे वा, किती छान दिसताय! बारीक झालात!" तिसऱ्या महिन्यापर्यंत तिचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. डॉक्टरांनीच वजन उतरवायला सांगितलं होतं, त्यामुळे मीही खूश होते. तिच्या जुन्या ब्लाउजांना टाचण्या लावत होते. भिशीच्या बायका तिला "काय खाता हो?" असं विचारत. ती काहीच खात नव्हती, हे आमच्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. एक पोळी, तीही अर्धी ताटात. कोणी काळं पडलं, गाल बसले, तर आपल्या आज्या "काय गं, आजारी आहेस का?" असं विचारायच्या. आम्ही मात्र एका आजारी बाईचं नऊ किलो कमी झाल्याबद्दल अभिनंदन करत होतो. कारण गेली कित्येक वर्षं निरोगी शरीर म्हणजे पोट आत गेलेलं शरीर, हे आमच्यापुढे रोज चालत, नाचत, हसत आलेलं आहे.

आईच्या आजारपणाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळच्या जिममध्ये जायचा. भिंतींवर नटांचे उघड्या अंगाचे फोटो. एका दृश्यासाठी किती महिने तयारी, किती आहारतज्ज्ञ, कॅमेऱ्याआधी पाणी तोडणं, प्रकाशाची मांडणी, यातलं काही त्या फोटोत दिसत नाही, आणि पोरं ते शरीर वर्षभर टिकवायला बघतात. मग २०२१ च्या सप्टेंबरात टीव्हीवरचा नट सिद्धार्थ शुक्ला हृदयविकाराने गेला, चाळिसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात कन्नड नट पुनीत राजकुमार, शेहेचाळिसाव्या वर्षी. बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी माणसांची रीघ लागली. आमच्या चिरंजिवांनी जिमच सोडली. आधी तिथे आरोग्य आहे असं पडद्यानेच सांगितलं होतं, आता तिथे मरण आहे हेही पडद्यानेच. मधल्या गोष्टी कोणी बोललं नाही. आपल्या भारतीय शरीरात चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती लवकर साठते. म्हणून आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायला सांगतात. यासाठी शिंप्याची टेप पुरते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत, आणि त्यांच्यात बाहेरून सडपातळ दिसणारेही आहेत.

एकदा तर आईच्या उशाशी एक बाटली सापडली. ब्लॉकेज मोकळे करणारा काढा. शेजारच्या इमारतीतल्या कोणी तरी आणून दिलेला. त्याच्या जाहिरातीत आईचा आवडता चेहरा होता आणि त्या विश्वासावर तिने कोलेस्टेरॉलची गोळी पंधरा दिवस बंद केली होती. मी चिडले तर म्हणाली, "तो कशाला खोटं बोलेल?" तिच्या लेखी तो रोज रात्री घरी येणारा माणूस. १९५४ पासून आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत दिसणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला झाला का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी तेवढी पुन्हा सुरू झाली.

फेब्रुवारीत कधी तरी माझ्या लक्षात आलं की तिने पेपरातलं शब्दकोडं सोडवणं सोडलंय. चाळीस वर्षं ते रोज भरलेलं असायचं. आता रद्दीत कोऱ्या चौकटींचा गठ्ठा. टीव्ही चालू असायचा, पण काल काय झालं विचारलं तर सांगता यायचं नाही. पहाटे तीनला जागी. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला विसरायची. रडत मात्र नव्हती. रडली असती तर मला आधी कळलं असतं, कारण दुःखी माणूस कसा दिसतो याचंही माझ्याकडे एकच चित्र होतं.

एकदा ती म्हणाली, "अमिताभ बघ. मरणाच्या दारातून आला आणि कामाला लागला. आणि मी नुसती बसून असते." १९८२ साली चित्रीकरणात अपघात होऊन तो ब्रीच कँडीला होता तेव्हा आई एकतीस वर्षांची होती. सोमवारी कोपिनेश्वराच्या देवळात जाऊन तिने त्याच्यासाठी अभिषेक केला होता. दोन महिन्यांनी तो घरी आला, हात हलवताना दिसला, आणि देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. आईच्या मनातली गोष्ट तिथेच संपली होती. मी तिला पुढची सांगितली, जी त्यानेच नंतर जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. तेव्हा जवळपास दोनशे लोकांचं रक्त त्याला दिलं गेलं, साठेक बाटल्या. त्यातल्या एकाच्या रक्तातून हिपॅटायटिस बी आला. तो कळला कित्येक वर्षांनी, तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. २००० साली करोडपतीच्या खुर्चीत बसून तो सगळ्या देशाला प्रश्न विचारत होता, त्या दिवसांत त्याला मणक्याचा क्षय झाला होता. गोळ्या खाऊन चित्रीकरणाला यायचा.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "हे तेव्हा दिसलं कसं नाही?"

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. हृदयाच्या झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य गाठतं आणि उपचार केले नाहीत तर हृदयालाही त्याचा धोका असतो, असं ते म्हणाले. मी घरी येऊन जपून विषय काढला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला ठाण्याला पाठवता का?"

ती ठाण्यात जन्मली आहे. पन्नास वर्षं नौपाड्यात राहते. तलावपाळीला फिरायला जाते, गडकरी रंगायतनला नाटकं बघते. पण सगळ्या महाराष्ट्रात आपल्या गावाच्या नावाचा एक दुसरा अर्थ आहे आणि तो ठाणेकरांच्या तोंडातही आहे. वागळे इस्टेटच्या बाजूचं मनोरुग्णालय १९०१ चं. तिथे आत काय चालतं हे आईला कोणी सांगितलं? तिने कधी फाटकही ओलांडलेलं नाही. तिला ते सिनेमाने सांगितलं: विस्कटलेले केस, गजांमागचे हात, टेबलाला बांधून दिलेले शॉक, आणि खलनायक, जो शहाण्या माणसाला तिथे टाकून इस्टेट लाटतो. मी म्हटलं, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तीव्र नैराश्यात त्याने माणसं वाचतात. तुला तर त्याची गरजही नाही. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर भीती तशीच. एकाहत्तर वर्षांच्या माझ्या आईला वाटत होतं की तिची मुलगी तिला घराबाहेर काढतेय.

मी तेव्हा खूप रडले. मोरीत जाऊन, नळ सोडून.

याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. हजारो घरांतली माणसं तिथे जाऊन बोलली आहेत. त्यामुळे ठाण्याला जाणं याचा एक तिसरा अर्थही एव्हाना तयार व्हायला हवा होता. काही घरांत तो झालाय. आईच्या बाबतीत मात्र काम केलं ते एका नटीने, आणि हेही इथे लिहायलाच हवं. दीपिका पदुकोण २०१५ साली टीव्हीवर आपल्या नैराश्याबद्दल बोलली होती. माझ्या मुलाने ती मुलाखत आजीला मोबाइलवर दाखवली. आपली आई जवळ होती, तिने ओळखलं आणि तज्ज्ञांची मदत घ्यायला लावली, असं ती सांगत होती. आईने ती दोनदा पाहिली. "हिला काय कमी होतं गं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "शॉक नाही ना देणार?"

डॉक्टर बाई पस्तिशीच्या. दवाखान्यात पांढरा कोट नव्हता, कोच नव्हता, दोन लाकडी खुर्च्या होत्या. त्यांनी आईला झोप, भूक, शब्दकोडं, सगळं विचारलं. एक छोटी गोळी दिली आणि आधीच सांगून ठेवलं की दोन-चार आठवडे फरक वाटणार नाही, मध्येच सोडू नका. एकविसाव्या दिवशी आई म्हणाली, "काही होत नाहीये." साधारण सातव्या आठवड्यात कोड्याचे आडवे शब्द भरलेले दिसले, उभे कोरेच.

आता ती सकाळी कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारते. हृदय पूर्वीसारखं होणार नाही, पंपाची ताकद चाळीस टक्क्यांवर आहे, दम लागला की बाकावर बसते. "किती वाजता सुरू झालं?" हा त्या रात्रीचा प्रश्न मी तिला सांगितल्यापासून ती कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी वेळ लिहून ठेवते. परवा मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पान वाचलं. दूध एक लिटर. सिलिंडर लावला. सायं. ६.४०, डाव्या खांद्यात कळ, पाच मिनिटं, आपोआप थांबली. आणि खाली, पेन्सिलने, मंगळवारच्या चौकोनात: आज दिवसभर बरं वाटलं नाही, कारण माहीत नाही, डॉक्टरबाईंना सांगणे.